खोकण्याआधीचा हात

अण्णा, माझ्या अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. तुम्हाला होता तसाच, उजव्या जांघेत. लग्नाच्या स्वयंपाकात तुम्ही आमटीचं पातेलं उतरवायचात आणि भिंतीकडे तोंड करून धोतरावरून जांघ दाबून धरायचात. खोकला आला की आधी हात खाली जाई, मग खोकला. हसतानाही तसंच. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं अशीच हसतात. सातवीतून शाळा सुटली नि तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा एकदा विचारलं, "अण्णा, तिथे काय झालंय?" तुम्ही झारा उगारलात. "बुंदीकडे बघ. घरी बोललास तर याद राख." मग माझ्या लग्नानंतर एका दुपारी जांघेतली ती गाठ आत जाईना. तुम्ही आडवे पडून दाबत राहिलात, ओकाऱ्या सुरू झाल्या, तरी आईला सांगत होतात, पित्त आहे. दवाखान्यात म्हणाले, आतडं अडकून काळं पडलंय, फार उशीर केलात. ऑपरेशनच्या टेबलावरून तुम्ही परत आला नाहीत. माझ्या डोक्यात मात्र उशीर राहिला नाही, टेबल राहिलं.

म्हणून मला गाठ आली तेव्हा मी पट्टा बांधला आणि तुमच्यासारखाच गप्प बसलो. वासण्याच्या फ्लॅटमध्ये एकदा कुकर उतरवताना माझा हात जांघेकडे गेला आणि तुमची सून बघतच राहिली. "हे तर मामंजींसारखं! कधीपासून?" मी म्हटलं, "गॅस झालाय." "त्यांना पित्त, तुम्हाला गॅस. या घरात खरं बोलायची पद्धतच नाही का?" दुसऱ्या दिवशी मी निजामपुऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर उभा. त्यात त्या बाई, गुजराती, माझ्या मुलीच्या वयाच्या. लाज बाजूला ठेवून मी त्यांना भंडावून सोडलं. भूल उतरलीच नाही तर? आत बसवलेली जाळी सुटली तर? त्या म्हणाल्या, "काका, जाळी मी टाके घालून बसवीन. मला काळजी गाठ अडकण्याची. अजून आत जातेय ना, आ ज टाइम सारो छे, हीच वेळ चांगली."

कमरेत सुई दिली आणि पाय माझे राहिले नाहीत. तोंडापुढे हिरवा पडदा, दोन्ही हात बाजूच्या फळ्यांना बांधलेले. सारखे तुम्ही आठवत होतात. शेवटी पडद्यापलीकडून आवाज आला, "काका, जोरथी उधरस खाओ." मी नुसता घसा खाकरला. "खोका ना काका, जाळी धरते का बघायचंय." माझा उजवा हात फळीच्या पट्ट्याला ओढ देत होता. न धरता कसं खोकायचं, अण्णा? मी म्हटलं, "एक मिनिट हात सोडा." त्या म्हणाल्या, "हाताचं काम मी केलंय. तुम्ही फक्त खोका." खोकलो. "फरीथी." पुन्हा खोकलो. "जुओ, कंई बहार नथी आव्युं. काहीच बाहेर आलं नाही, काका." मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, दुखतंय.

आता जखम भरलीय. कुकरला हात लावू देत नाहीत एवढंच. काल नातवाने माझ्या चालण्याची नक्कल केली आणि मी खो-खो हसलो. हात आपोआप जांघेवर गेला. "आता कशाला धरता?" तुमच्या सुनेने विचारलं. मी म्हटलं, "टाका ओढतोय." हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून इथे खरं लिहितो. टाका ओढत नाही, अण्णा. हात गेला, तर जाऊ देतो.