पायलटचा शेवटचा निरोप

दादा,

तू गेलास, पण तू आवाज द्यायचास ती मालिका थांबली नाही. शेवटच्या सीझनमध्ये त्या अजस्र रोबोच्या पायलटला तुझ्याऐवजी मी आवाज दिला. डबिंगच्या बाईंनी बजावलं होतं, "प्रेक्षकांना फरक कळता कामा नये." तुझी नक्कल करतच मी मोठा झालो, त्यामुळे जमलं. शेवटच्या भागात पायलट मरतो. त्याचं "आई, येतो गं" मला नऊ वेळा म्हणायला लावलं.

आईने तो भाग डोळे मिटून ऐकला. मग म्हणाली, "बघ, जायच्या आधी सगळं रेकॉर्ड करून गेला माझा पोरगा."

मी नुसती मान डोलावली.

आता रोज ती तोच भाग लावायला सांगते. मी शेजारी गप्प बसतो. बोललो तर तिला कळेल.

तुझा आवाज चोरणारा,
धाकटा