चार वाजताचं लॅटिन

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर

आदरणीय अक्का,

सांडूचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत, पुंजाराम दाजींची शुगर आटोक्यात आहे का, सिल्लोडला नळाला पाणी येतं का, सगळं कळव. माझी तब्येत बरी आहे. हे फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर तू रडतेस, मी "हं, हं" म्हणतो, आणि त्या हं-ला होकार समजून तू माझं घर भाड्यानं द्यायचं आणि मला सिल्लोडला न्यायचं ठरवूनही टाकलंस. म्हणून लिहितो. मला येता येणार नाही. माझा लॅटिनचा क्लास सुरू आहे.

(हे वाक्य तू दोनदा वाचशील. बरोबरच लिहिलंय.)

झालं असं, की रत्नमाला गेल्यावर घरातल्या वस्तू एकेक करून बंद पडू लागल्या. (तिच्या धाकानंच चालत असाव्यात.) मोरीचा नळ गळायला लागला, तेव्हा मोबाइलवर नळदुरुस्तीचा व्हिडिओ लावून पाना घेऊन बसलो. तो संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. हात ओले, बंद कसा करणार? त्यात एक टकले, अतिशय प्रेमळ सर लॅटिनचं व्याकरण शिकवत होते. जुन्या रोमची भाषा, आता कुणी बोलत नाही म्हणाले. म्हटलं, कुणी बोलतच नसेल तर आपल्याला जमेल. सर एक शब्द म्हणतात, थांबतात, आपण म्हणायचा, मग ते 'व्हेरी गुड' म्हणतात. चुकलं तरी व्हेरी गुड. विभक्त्या सहाच, शाळेत आपल्याला आठ होत्या, म्हणजे दोन सुटल्याच. (नळ अजून गळतो.)

तिसऱ्या धड्यात सर म्हणाले, 'आ'नं संपणारं ओळखीचं एक नाव घ्या आणि चालवा. दुसरं कुठून आणू? रत्नमाला, रत्नमालाए, रत्नमालाम. बिनतक्रार चाललं. (तुला ठाऊक आहे, मी तिला 'अगं' आणि 'सम्यकची आई' याखेरीज कधी हाक मारली नाही.) शेजारच्या भामाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांना काय ऐकू आलं असेल बघ : विहारात भन्तेजी वंदना सांगतात तसं एक जण सांगतोय, दुसरा मागून म्हणतोय, आणि मध्येमध्ये रत्नमालाचं नाव. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून माझ्या मागं येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सरूबाईंना आणलं. आठवड्यात रोज चार वाजता खोली भरायला लागली. मी वळून बघतो तर सगळ्या डोळे मिटून 'रत्नमालाए' म्हणतायत! धडा संपला की यांचं साधू, साधू, साधू, आणि मोबाइलमधून सरांचं व्हेरी गुड.

माझा स्वभाव भिडस्त, थांबवू कसं? पण परवा सरूबाईंनी विचारलं, हे भन्तेजी कुठल्या विहाराचे, त्यांना भोजनदानाला कधी बोलवायचं? तेव्हा मात्र घाम फुटला. भामाबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"भाऊ, मला काय पाली कळत नाय व्हय? वंदना तोंडपाठ हाय माझी. पहिल्याच दिशी कळलं, ह्ये दुसरंच कायतरी हाय."

"मग बसल्या कशाला?"

"ती गेल्यापासून तुमचा आवाज नव्हता आला. आला तो तिचंच नाव घेऊन. मंग उठावं वाटंना." मग डोळे पुसून म्हणाल्या, "सरूबाईला सांगू नका. तिची लई श्रद्धा बसली सरांवर."

तेव्हा अक्का, अभ्यास अर्ध्यावर टाकून घर रिकामं करणं शक्य नाही. दाजींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
सांडू

ता. क. : लॅटिन मला येत नाही. रोज तिसराच धडा लावतो. चौथ्यात वेगळ्या तऱ्हेची नामं आहेत, त्यात रत्नमाला चालत नाही.

आणखी एक : घर सोडायचं नाही हे पक्कं. पण बायका आपापल्या घरी गेल्या की ते फार मोठं होतं. तूच महिनाभर इकडं ये. दाजींना आणणार असशील तर आधीच बजावून आण, चार वाजता इथं टीव्ही लागत नाही.