बंदुकीच्या अर्जावरचा शेरा

आबा, आज मी तुमच्याविरुद्ध लिहून आले. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, पाटीलबाई, हे असंच ठेवायचं? मी म्हटलं, ठेवा. तुम्ही असता तर आधी चष्मा मागितला असता, मग माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या असत्या आणि मुद्द्यावर यायला दुपार केली असती.

तुमच्या जागी आता मी पोलीस पाटील आहे. सासर-माहेर एकाच गावात असल्याचा एवढा एक फायदा झाला. काम तेच आहे. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज आला की ठाणं गुन्ह्यांचं रेकॉर्ड बघतं, डॉक्टरचा दाखला बघतं आणि माणूस घरात कसा आहे ते आपल्याला विचारतं. त्यासाठी तुमची एक पद्धत होती. न सांगता जायचं, ओट्यावर टेकायचं आणि प्यायला पाणी मागायचं. बाई पाणी घेऊन कशी येते, नवऱ्याकडे बघून बिचकते का, यावरून तुम्ही माणूस ओळखायचात. मला तुमचा फार अभिमान होता. अजूनही आहे, म्हणून तर एवढा राग येतो.

वरच्या वाडीतल्या त्या घरी तुम्ही गेलात तेव्हा मी बरोबर होते, नववीत. भुईमूग काढायला आलेला. डुकरांनी निम्मं रान उकरून टाकलंय. बंदुकीसाठी अर्ज केलेले काका आपल्याला बघून गडबडतात. तुम्ही पाणी मागता. काकू बाहेर येत नाहीत. काका स्वतःच आत जातात, भांडं पडल्याचा आवाज येतो आणि तांब्या आणताना निम्मं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडतं. मंडळी घरात नाहीत का, असं तुम्ही विचारता, तर ते नुसते खाली बघतात. परतताना तुम्ही एवढंच म्हणालात की ज्या घरातली बाई माणसापुढे यायला भिते तिथे बंदूक देणार नाही. कागदावर शेरा मारलात, घरात धाक आहे, शिफारस नाही. अर्ज नामंजूर झाला. काकांना कारण कुणी सांगितलं नाही, गावाला मात्र आपोआप कळलं.

काका पुढे पत्र्याचे डबे वाजवत राखण करत राहिले. लोक त्यांच्याशी जपून बोलायला लागले. बोरीहून त्यांच्या मुलीला आलेलं स्थळ काही न कळवता फिरलं. मागच्या वर्षी काका वारले.

आता त्यांच्या मुलाने पीक राखायला म्हणून अर्ज केलाय. डुकरं आहेतच, शिवाय बिबट्या पार गोठ्यापर्यंत येतो. बिबट्यावर गोळी झाडायची नसते, बार हवेत काढायचा, हे त्याला नीट माहीत आहे. पोरगा सरळ आहे, एक तक्रार नाही. पण जुन्या फायलीत तुमचा शेरा निघाला आणि ठाण्याने विचारलं, याच घराला तेव्हा नाही म्हटलं होतं, मग आता हो कसं म्हणता? तो शेरा खोडून काढल्याशिवाय त्याचा अर्ज पुढे सरकत नव्हता.

मी त्यांच्या घरी गेले ती सरळ स्वयंपाकघरात. सुनेला विचारलं, घरात बंदूक आली तर तुला झोप लागेल का? भाकरी थापता थापता ती म्हणाली, "लागंल की. काडतुसं माज्या पेटीत ऱ्हातील, ह्यांना आधीच सांगितलंय." मला हसू आलं. कोपऱ्यात काकू शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तुजा आबा आला तवा मी बाजूला बसले व्हते," त्या म्हणाल्या. "पाळीच्या दिसांत पान्याला कशी शिवू? आन् ह्यांनी तरी परक्या मानसाला ते कसं सांगायचं? बंदूक न्हाई मिळाली त्याचं काय न्हाई, बाई. मानूस वाईट ठरला."

चौकशी नकोच असं मी म्हणत नाही, आबा. उद्या कुणी पिऊन बायकोवर बंदूक रोखली तर पहिला फोन मलाच येणार. पण नाही म्हणताना काकांना कारण सांगायला हवं होतं. ते नसते बोलले, तरी काकूंनी आईपाशी निरोप धाडला असता. बायकांवरून तुम्ही माणसं पारखत होतात, पण बायकांना काही विचारत नव्हतात.

म्हणून मी लिहिलं, पूर्वीच्या पोलीस पाटलांची चौकशी चुकली होती, अर्जदाराची शिफारस आहे. खाली सही केली. काकूंना वाचून दाखवलं तर त्यांनी मला वाक्य परत वाचायला लावलं.

हा कागद कुठे धाडायचा नाही, तेव्हा उरलेलं यातच लिहिते. त्या दिवशी निघण्याआधी तुम्ही ओट्यावर बसला होतात तेव्हा मी घरामागे गेले होते. गोठ्याच्या भिंतीला टेकून काकू पोत्यावर बसल्या होत्या, वेगळं ताट शेजारी. आई मलाही तसंच बसवायची, मला लगेच कळलं. वडिलांपुढे असलं कसं बोलायचं म्हणून मी वाटभर गप्प राहिले. अहवालात चूक तुमच्या एकट्याच्या नावावर आहे.