वयाचा रकाना

प्रिय चिंगे,

परवा फोनवर तू विचारलंस, मी तेव्हाच का नाही सिद्ध करून दाखवलं, आणि मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूधबिध काही नव्हतं. गेले तीन दिवस मनातल्या मनात तुला उत्तर देतेय आणि दर वेळी माझा आवाज चढतोय, म्हणून म्हटलं लिहावंच. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस, मग मी भांडते, आणि सांगायचं ते राहून जातं. गुरुवारी तू आत्याच्या सांगण्यावरून रक्त द्यायला जाणार आहेस. तुझा बाप अंथरुणाला खिळलाय, त्याला तुला भेटायचंय, पण तू त्याचीच आहेस हे आधी कागदावर आलं पाहिजे, अशी तुझ्या आत्याची अट. तू लगेच हो म्हणालीस. माझं नाव एकदाचं स्वच्छ होईल, असंही वर मला ऐकवलंस. माझं नाव मळलं होतं कधी?

आता नीट ऐक. मी आणि तुझा बाप एकाच रक्त-प्रयोगशाळेत होतो हे तुला माहीत आहे, पण आम्ही काय करायचो ते मी कधी सांगितलं नाही. आपल्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं असतात. काम सगळ्यांच्यात तेच करतात, पण त्यांच्या घडणीत बारीक बारीक फरक असतात, आणि ते आईबापांकडून येतात, कुणाची कानाची पाळी सुटी असते, कुणाची चिकटलेली, तसे. आम्ही त्यांना खुणा म्हणायचो. हल्लीच्या तपासण्या तेव्हा नव्हत्या. मूल कुणाचं यावर कोर्टात भांडण लागलं की रक्तगटाबरोबर या खुणाही बघायच्या. प्लेटच्या खळग्यांत थेंब घालायचे. खूण असेल तर लाल पेशी मोकळ्या राहायच्या, नसेल तर गुठळी धरायच्या. सोपं दिसतं, पण नजर बसायला मला दोन वर्षं लागली. बसवली तुझ्या बापानंच. मी त्याला सर म्हणायचे, लग्नानंतरही कित्येक दिवस तोंडातून सरच निघायचं, आणि वन्सं, म्हणजे तुझी आत्या, बोटं मोडायच्या.

शिकवायचा मात्र छान, हे मान्य करायलाच हवं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी फॉर्मवरचा वयाचा रकाना दाखवायचा. म्हणायचा, हा रिकामा असेल तर प्लेटला हात लावायचा नाही. कारण तान्ह्या बाळाच्या अंगात स्वतःची प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. आईनं पोटात असताना दिलेली असतात, त्यांच्यावर ते सहा महिने काढतं. तेवढ्या लहान बाळाचं रक्त तपासलं तर खुणा आईच्याच दिसणार. बापाची शोधायला जाणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. हे त्यानं मला शिकवलं आणि मी पुढे पंधरा जणांना.

तू पोटात राहायच्या आधी तो दीड महिना ट्रेनिंगला गेला होता. तू तीन आठवडे आधीच आलीस, आतापासूनच कसली घाई! वन्संनी बोटांवर महिने मोजले, तर नऊ महिन्यांमागे तो घरातच नव्हता. एकदा मोजले असते तर चाललं असतं, त्या रोज मोजायच्या, आणि तो मोजू द्यायचा. प्रयोगशाळेत आमच्याबरोबर एक देखणा पोरगा होता, त्याच्याशी मी हसून बोलायचे. बोलायचेच. त्यात काय लपवायचं?

तू दोन महिन्यांची होतीस. एका दुपारी मी अंघोळ करून बाहेर आले तर तू लालबुंद होऊन रडत होतीस आणि तुझ्या टाचेवर चिकटपट्टी. काहीतरी टोचलं म्हणाला. मी ऐकून घेतलं. चार दिवसांनी बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर गेले तर टेबलावर दुसऱ्या वाचनाला आलेली प्लेट. आमच्याकडे प्रत्येक प्लेट दोघांनी वेगवेगळी वाचायची, पहिल्यानं काय लिहिलं ते दुसऱ्याला दाखवायचं नाही, असा नियम होता. फॉर्मवर नावं नाहीत, नुसतं पुरुष, स्त्री, मूल. वयाचा रकाना कोरा. आणि अगं, रोजच्या पडताळणीला आम्ही सगळे आमचंच रक्त वापरायचो! त्याच्या आणि माझ्या खुणा मला पाढ्यांसारख्या पाठ होत्या, आणि वरच्या दोन ओळी आमच्याच होत्या. त्याच्यात एक खूण आई आणि बाप दोन्ही बाजूंनी आलेली, म्हणजे त्याच्या प्रत्येक मुलात ती यायलाच हवी. माझ्यात ती मुळीच नाही. आणि तिसऱ्या ओळीत, मुलाच्या, पेशी गच्च गुठळी धरून बसलेल्या.

मुद्दाम माझ्या टेबलावर ठेवली होती की सवयीनं आली, देव जाणे. माझं डोकं एकदम थंड झालं. मला एवढंच करायचं होतं, त्या कोऱ्या रकान्यात लिहायचं, दोन महिने. चाचणी तिथेच रद्द झाली असती. शंकेनं माणूस इतका आंधळा झाला होता की आपलाच पहिला धडा विसरला. मी पेन उचललं, दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, बापाची खूण मुलात नाही. खाली सही केली. रकाना तसाच कोरा ठेवला.

त्या संध्याकाळी तो रिपोर्ट घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. मी म्हटलं, "वाचलाय मी. सही माझीच आहे." आणि तुला दुपट्यात गुंडाळून बाहेर पडले, घरातून आणि त्या नोकरीतूनही. मला हाकललं असं तू आजवर समजत आलीस. मला कुणी हाकललं नाही. निकाल चुकला म्हणून मी गेले नाही, चिंगे. मला न विचारता त्यानं तुला सुई टोचली, म्हणून गेले.

तू वर्षाची झालीस तेव्हा प्रयोगशाळेत काचसामान धुणारे बाटलीमामा निरोप घेऊन आले. सरांच्या लक्षात आलंय, म्हणाले, वयाचं राहिलं होतं. आता पोर मोठी आहे, एकदा आणून दाखवा, परत तपासू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! चूक कळली, आणि त्यावर माणूस काय मागतो, तर आणखी एक नमुना! चाचणीतली चूक कळली होती, स्वतःची नाही. नुसता येऊन दारात उभा राहिला असता, एक शब्दही न बोलता, तरी मी कदाचित आत घेतलं असतं. बाटलीमामांना चहा पाजला आणि सांगितलं, म्हणावं, या घरातून थेंब मिळणार नाही. त्यानंतर तो आला नाही, आणि मीही बोलावलं नाही.

हे मी फुशारकीनं सांगत नाही. त्या दिवशी मी दोन शब्द लिहिले असते तर तुला बाप मिळाला असता. शाळेच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहिताना तू माझ्याकडे बघायचीस, ते मी विसरलेले नाही. तापात तू एकदा बाबा कुठे आहेत विचारलंस आणि मी तुझ्यावर ओरडले, तेही नाही. माझ्या ताठ्याची किंमत तू मोजलीस. राग धर माझ्यावर, हवा तितका धर. पण पुन्हा ती प्लेट समोर आली तर मी पुन्हा तेच करीन. ज्याला तू त्याची हे डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्याला मी ते कागदावर दाखवायला बांधील नव्हते, आणि आजही नाही.

हे सगळं आजच का, तर काल मी त्याच्याकडे जाऊन आले. पस्तीस वर्षांनी. नाकात नळी आहे, हातांचं पार चिपाड झालंय. वन्सं दाराशीच उभ्या होत्या, त्यांना म्हटलं आत या, तुम्हीही ऐका. मग त्याला विचारलं की गुरुवारी पोरीचं रक्त तुम्हाला हवंय का. त्यानं मान हलवली. मी म्हटलं, मान नको, मोठ्यानं बोला, शिकवताना बोलायचात तसं. बराच वेळ धापा टाकत राहिला, मग म्हणाला, "पोरगी माझी आहे. सुई टोचायची नाही." वन्संचं तोंड एवढंसं झालं. मी तिथे रडले नाही, रिक्षात रडले. तेव्हा गुरुवारचं तुझं तू रद्द कर. भेटायला जायचं की नाही हेही तूच ठरव, तू येशीलच असं मी त्याला सांगितलेलं नाही. पण गेलीस तर, वन्संचा काही नेम नाही, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून जा.

तुझी ती कुणाचं न ऐकणारी,
आई