इंचाला एकतीस तार

निंबोला, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप वसंतकाका यांना ललितचा सा. न.

तुम्ही माझा फोन कापता, म्हणून केळीच्या गाडीवाल्याबरोबर हे पत्र. फौजेच्या दवाखान्यांनी आपल्या पट्टीच्या कापडाच्या गाठी परत पाठवल्या आणि मी गद्दार ठरलो. कारखान्यातून हाकललंत, मामांकडे आलो.

तार मोजून प्रत्येक ताग्याच्या चिठ्ठीवर आकडा लिहायचं काम तुम्हीच दिलं होतं. पास झालेल्या नमुन्यात इंचाला अडतीस तार होते. गाठीतल्या ताग्यांत एकतीस भरले. तीनदा मोजले, एकतीसच लिहिले. तुम्ही न वाचता गाठी शिवल्यात. जखमेवर बांधायचं कापड आहे, काका.

काकूंना नमस्कार. राग असू द्या, पण उत्तर द्या.

ललित


बुधवारा पेठ, ५ फेब्रुवारी

चि. ललित, आशीर्वाद देण्याजोगं काही केलं नाहीस, तरी घे.

बारावी नापास माणसाने मला धंदा शिकवू नये. चिठ्ठीवर नमुन्याचाच आकडा टाकतात, मोजत कोण बसतं? साहेब वरचे दोन चांगले तागे बघतात, चहा पितात, चालले. ज्याचा भाव सगळ्यांत कमी, त्याला टेंडर. त्या भावात अडतीस तार तुझा बाप घालणार? माझाच भाऊ आहे, तरी विचारतो.

सोमवारी फौजेचा अधिकारी चौकशीला येतो आहे. सोबतच्या कागदावर सही कर, की मोजण्यात तुझी चूक झाली. नाही केलीस तर या घराला तू मेलास. तुझी काकू म्हणते, ललित भित्रा आहे, करेल.

वसंत


निंबोला, ७ फेब्रुवारी

ती. काका, सा. न.

काकूंचं खरं आहे. पेन हातात घेऊन दोनदा बसलो, दोनदा टोपण लावून ठेवलं. कागद सही न करताच परत पाठवतो आहे.

चौकशीच्या साहेबांसाठी वेगळा अर्ज लिहिला आहे, नक्कल जोडली आहे. गाठ तुमची तुम्ही निवडा, मधली उघडा, तागा मधून कापून तार मोजा, असं लिहिलं. सगळ्यांत कमी भाव पाहण्याआधी सुताचा भाव विचारा, त्या भावात अडतीस तार बसतच नाहीत, हेही लिहिलं. एवढं एक तुमच्या बाजूचं आहे.

सोमवारी अर्ज मीच त्यांच्या हातात देईन. हाकलायचं असेल तर त्यांच्यासमोर हाकला.

तुमचा लोभ गेला असेल, माझा आहे.

ललित