टाळ्यांचा बंदोबस्त

४ जानेवारी, रविवार
निवड झाली! रामदासपेठेतल्या आमच्या क्लबात पूलची, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या त्या टेबलावरच्या खेळाची, राज्यस्पर्धा, आणि टीव्हीवर लाइव्ह. नागपूरचा एक खेळाडू हवा होता. क्लबाने एकमताने माझं नाव दिलं. चारुशीलेचं म्हणणं, ज्याचं नाव ठरलं होतं त्याला कावीळ झाली. बायकोला खेळातलं काही कळत नाही.
उद्यापासून पहाटे प्रॅक्टिस. नक्की.

६ जानेवारी, मंगळवार
थंडी फार. बोटंच वळत नाहीत, अशाने शॉट बिघडतो. प्रॅक्टिस सोमवारपासून.
त्याऐवजी यूट्यूबवर मोठ्या मॅचेस पाहिल्या. खेळाडू टेबलावर वाकला की हॉल चिडीचूप. बॉल भोकात गेला की टाळ्यांचा कडकडाट. मग तो हलकेच मान झुकवतो. अंगावर काटा आला. वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जन्म गेला. कोणाचाही निरोप समारंभ असो, टाळ्या मी वाजवायच्या. एकदा तरी आपल्यासाठी वाजाव्यात बुवा.

९ जानेवारी, शुक्रवार
आरशासमोर मान झुकवण्याची प्रॅक्टिस. डावीकडून जास्त नम्र दिसतो. चारुशीलेने विचारलं, हे काय करून राहिले? म्हटलं, मॅचची तयारी.
टाळ्या मात्र नशिबावर सोडणार नाही. गोदामाचा मुकादम कवडू आणि त्याचे हमाल येतो म्हणाले. काय ते हात! सासरे आनंदरावही येणार. सगळ्यांना नारिंगी टी-शर्ट, छातीवर माझा फोटो.

१३ जानेवारी, मंगळवार
गोदामात टाळ्यांची तालीम. कवडूने विचारलं, साहेब, वाजवाचं कधी? सगळे नियम समजावत बसलो असतो तर होळी आली असती. सोपं सांगितलं, बॉल भोकात गेला की वाजवा, डोकं लावू नका. तो म्हणाला, कोणताही? म्हटलं, कोणताही. समोरच्याला पाळीच मिळणार नाही, मग भानगड कशाला?
तेवढ्यात एक ट्रक रिव्हर्स घेत धक्क्याला लागत होता. कवडू मधूनच तिकडे 'आन दे, आन दे, बस' ओरडे. सवयच ती. लक्ष कमी आहे, पण आवाज खणखणीत.
प्रॅक्टिस संक्रांतीनंतर.

१६ जानेवारी, शुक्रवार
उद्या मॅच. समोर उन्नती नावाची मुलगी, कॉलेजात शिकते म्हणे. बिचारी. फार लाजिरवाणं हरवणार नाही. आज प्रॅक्टिस मुद्दाम टाळली, हात ताजा राहिला पाहिजे.

१७ जानेवारी, शनिवार
लाइट डोळ्यांवर होते. स्टिक क्लबाची, वाकडी. एसीही जास्त.
पहिल्या शॉटला वाकलो. हॉल चिडीचूप. मारला, आणि पांढरा बॉल रमतगमत भोकाकडे निघाला. पांढरा गेला की फाउल, पाळी समोरच्याची. मी मनात देवाचा धावा करतोय आणि मागून कवडू, "आन दे, आन दे... बस!"
पडला. टाळ्या अशा की रेफरी दचकला. इतक्या दिवसांची सवय, माझी मानही झुकली. डावीकडून.
पुढे उन्नती एकेक बॉल घालत गेली आणि प्रत्येकाला माझ्या माणसांनी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. सांगितलं होतं तसंच केलं, बोलणार काय? माझी पाळी आली ती थेट तिच्याशी हात मिळवायला. घरी रेकॉर्डिंग पाहिलं. माझ्या फोटोंची अख्खी रांग, आणि खाली पट्टी, 'उन्नतीचे चाहते'.
मॅचनंतर ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली, नागपूरकरांनी घरच्यासारखं प्रेम दिलं. मग आनंदरावांच्या पाया पडली, कवडूला सगळे नियम समजावले, सर्वांबरोबर फोटो काढला. मोबाइल मी धरला होता.
फार वाईट वाटलं. नव्हे, डोळ्यांना लाइटचा त्रास झाला.

१८ जानेवारी, रविवार
तिची फायनल. क्लबात जागा मिळाली नाही, म्हणून सगळे आमच्याच घरी टीव्हीसमोर. टी-शर्ट तेच, उलटे करून घातलेले. मी पाहणार नव्हतो. तर्री-पोहे वाढायला कोणी नव्हतं म्हणून आलो.
उन्नती वाकली. घरातही चिडीचूप, आनंदरावांनी खोकला दाबून धरला. पांढरा बॉल भरकटला आणि गेला भोकात. मला राहवलं नाही. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.
सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. चारुशीलेने कपाळाला हात लावला. कवडू मात्र समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, तो फाउल असते. त्याले टाळी नाही वाजवत."