ओट्याखालची पाणसळ

अहो आई,

तुमची ती टीचभर पाणसळ, सपाटी बघायची लेव्हल, परवा कामाला आली. आपल्याकडे डिशवॉशर घेतलाय. हो, घेतला एकदाचा. तुम्ही असतात तर "चार ताटं धुवायला यंत्र, मग त्या यंत्राला धुवायला कोण ठेवणार?" असं काहीतरी बोलून मोकळ्या झाला असतात. बसवायला आलेल्या माणसाने खिशातून मोबाइल काढला आणि त्यातला बुडबुडा मला कौतुकाने दाखवला. आता फोनमध्येही पाणसळ असते म्हणे. पण यंत्र ओट्याखाली ढकलल्यावर वर चार बोटं जागा उरली. तिथे फोन आडवा सरकतो, पण त्याचा पडदा दिसणार कुणाला? बिचारा मान वाकडी करकरून दमला. शेवटी मी कपाटातून तुमची लेव्हल काढून दिली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि कुठून आणली असं विचारलं. मी म्हणाले, सासूबाईंची आहे. सांगताना माझा आवाज जरा चढलाच असेल.

तुम्हाला कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा मी या घरात नवीनच होते. स्वेच्छा कसली डोंबलाची. देशात बाहेरच्या कंपन्या आल्या, मोजमापाची नवी यंत्रं आली, आणि तुमच्या तपासणी खात्यातल्या बायकांना एकेकीला पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. त्याच दिवसांत मला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली होती. एका घरात सुनेला ऑफिसची गाडी न्यायला येते आणि सासू दुपारची खिडकीत बसून असते, हे मला फार अवघड जायचं. मी घरात शिरताना चपलांचा आवाजसुद्धा करत नसे. बाबा म्हणाले, पापड-लोणची करा, वेळ जाईल. तुम्ही त्यांच्याकडे न बघताच म्हणालात की माझ्या हातचं लोणचं घरात खपत नाही, ते बाजारात कोण घेणार? आणि वेळ घालवायचा नव्हताच तुम्हाला. तुम्हाला काम हवं होतं, तेही हाताने करायचं, मापात बसणारं.

त्या काळात पुण्यात जो तो ओट्याखालच्या फळ्या काढून स्टीलच्या ट्रॉल्या बसवत होता. धायरीच्या एका वर्कशॉपवाल्याकडे तुम्ही स्वतःहून गेलात. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही बायकांशी बोलून ऑर्डरी आणा, फिटिंग गडीमाणसांचं काम आहे. ओट्याखाली आडवं पडावं लागतं, तुम्हाला कसं जमेल? तुम्ही अडून बसलात. शेवटी त्याने कोथरूडचं एक स्वयंपाकघर दिलं आणि अटही घातली. हे एक तक्रार न येता झालं तर त्या सोसायटीतलं पुढचं सगळं फिटिंग तुमचं, नाही तर फिटिंगचं नाव काढायचं नाही. हे तुम्ही जेवताना पोळी मोडता मोडता सांगितलंत, जणू उद्या भाजी कुठली करायची ते सांगताय. पण त्या रात्री तुम्ही पोळी अर्धीच खाल्लीत. मी पाहिलं होतं.

मग तुम्ही मला बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात नेलंत. मंडईपाशी माझी स्कूटी लावली आणि चालत निघालो. कारण असं की तुमच्याकडे होती ती लेव्हल हातभर लांब. कोथरूडच्या त्या ओट्याखाली सिलिंडर आणि भिंत यांच्यामध्ये तेलाच्या बाटल्यांची अरुंद ट्रॉली बसवायची होती. हातभर लेव्हल तिथे आत जायची नाही, आणि तिरकी घातली तर गॅसच्या नळीवर चढून बसायची. दुकानदाराने आधी किल्ल्यांना लावायची एक चिमुकली काढली. तुम्ही म्हणालात, ही किल्ल्यांनाच राहू दे. मग त्याने बुडाला चुंबक असलेली काढली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ही लावली की हात सोडा, पडत नाही. तुम्ही पर्समधून ट्रॉलीच्या स्टीलचा एक तुकडा काढून तिच्या बुडाला लावला. तुकडा खाली पडला. या स्टीलला चुंबक धरतच नाही, वर लोखंडाचा कीस मात्र बुडाला चिकटून बसणार आणि बुडबुडा खोटं बोलणार, असं तुम्ही त्यालाच समजावलंत. अखेर ॲल्युमिनियमची, बूड घासून सपाट केलेली, नळी वरूनही दिसेल आणि बाजूनेही अशी एक निघाली. ती तुम्ही काउंटरवर ठेवलीत, बुडबुडा रस्त्याच्या बाजूला सरकला तो पाहिलात, आणि तिचं डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवलीत. दुकानदार म्हणाला, बाई, आमचा काउंटरच उताराचा आहे. तुम्ही म्हणालात, असू दे की, उतार बदलला नाही, मग बुडबुड्यानेही रस्त्याकडेच जायला हवं, तेवढंच. त्याच बनावटीच्या पहिल्या दोन नापास झाल्या. तिसरी तुम्ही पुन्हा फिरवायला घेतलीत तेव्हा त्याचा धीर सुटला.

"घ्यायची आहे, की मुलगी बघायला आला आहात?"

तुम्ही अंगठ्याने माझ्याकडे खूण केलीत आणि म्हणालात, "ही पसंत करताना एवढा वेळ लावला नव्हता."

दुकानदार हसला. मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आणायची तुमची हातोटीच होती.

रविवारी वर्कशॉपचा मदतनीस आला नाही, म्हणून टॉर्च धरायला मी आले. दार उघडलं त्या कोथरूडच्या घरातल्या काकूंनी. आत घेण्याआधी त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "आडनाव काय म्हणालात आपण?" आपण काहीच म्हणालो नव्हतो. तुम्ही आपलं आडनाव स्पष्ट, सावकाश सांगितलंत आणि लगेच विचारलंत, सिलिंडर कुठल्या बाजूला आहे? आपण स्वयंपाकघरात पोचेपर्यंत काकू पुढे गेल्या होत्या आणि ओट्यावरचा पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून बाहेरच्या खोलीत नेत होत्या. माझं डोकं सणकलं. तुम्ही कंपनीतला जुना खाकी कोट साडीवर चढवलात, बटणं लावलीत आणि मला म्हणालात, "बरं झालं, जागा मोकळी झाली."

मग तुम्ही आडव्या झालात आणि खांद्यापर्यंत ओट्याखाली गेलात. त्या अरुंद खाचेत डोकं जाईना, म्हणून पर्समधला पावडरचा आरसा तिरका धरून त्यात बुडबुडा बघत होतात. दर वेळी लेव्हल ठेवण्याआधी तिचं बूड पुसायचं, पाहून झालं की फिरवून पुन्हा पाहायचं. पुसल्याशिवाय एकदाही ठेवली नाहीत. "एवढीशी असते ना, हिच्या बुडाखाली साखरेचा कण आला तरी ही वाकते," आतून आवाज आला. मध्येच तुमचा हात भरून आला, आणि आरसा माझ्याकडे देऊन तुम्ही सांगितलंत की मागचा स्क्रू कस. मी बुडबुडा पाहिला आणि चांगला जोर लावून पुढचा कसला. आरशात मागचं पुढे दिसतं हे माझ्या इंजिनियरिंगच्या डोक्यात आलंच नाही. तुम्ही म्हणालात, अगं सूनबाई, रोज आरशासमोर अर्धा तास असतेस, एवढी ओळख नाही झाली? मी गुपचूप स्क्रू सैल केला.

दुपारी सगळं बसलं. काकू आल्या, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाकडं आहे हो."

आणि दिसत होतं तसंच! ट्रॉल्यांची वरची कड आणि ओटा यांच्यातली फट एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला रुंद. ओट्याला सिंककडे ढाळ होता, ट्रॉल्या मात्र पाण्यासारख्या सपाट. काकू म्हणाल्या, ओटा सरळच आहे, आमच्या ह्यांनी समोर उभं राहून करून घेतलाय. वर्कशॉपवाल्याची अट माझ्या डोक्यात वाजायला लागली. काकूंनी फोन उचलून 'वाकडं आहे' एवढे दोनच शब्द त्याला सांगितले असते तरी तुमचं फिटिंग त्या दिवशीच संपलं असतं. मी लेव्हल घ्यायला हात पुढे केला. ती ओट्यावर ठेवायची, बुडबुडा त्यांच्या नाकासमोर धरायचा, आणि हंड्याचंही उट्टं काढायचं, असं माझ्या मनात होतं. तुम्ही लेव्हल कोटाच्या खिशात टाकलीत.

"बरोबर आहे तुमचं," तुम्ही काकूंना म्हणालात. "दिसतंय वाकडं. संध्याकाळपर्यंत थांबा."

आतल्या सांगाड्याला तुम्ही हात लावला नाहीत. तो वाकडा केला असता तर ताटं-डबे भरल्यावर ट्रॉल्या एका अंगाला घासल्या असत्या, हे मला तुम्ही काम करता करता हळू आवाजात सांगितलंत. दर्शनी पट्ट्या तेवढ्या एकेक करून उतरवल्यात, त्यांची भोकं कानशीने थोडी लांबवलीत आणि ओट्याच्या ढाळाबरोबर पुन्हा बसवल्यात. तुमच्या बोटांना स्टील लागत होतं. संध्याकाळी काकूंनी ट्रॉलीत पितळी डबे भरले, ट्रॉली ओढली, ढकलली, पुन्हा ओढली. आवाज नाही, अडकणं नाही. फट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. त्यांनी "छान" म्हटलं नाही. पुण्यात ते म्हणत नाहीत. "आता ठीक आहे," म्हणाल्या.

स्कूटीवर मागे बसलेल्या तुम्हाला मी कर्वे रस्त्याच्या गर्दीत जवळजवळ ओरडूनच विचारलं, बुडबुडा दाखवला का नाहीत?

"त्या ओट्यावरून ती रोज पाणी सिंककडे ओढते. तो उताराचाच हवा. ओटा बरोबर, ट्रॉली बरोबर, मग बाईला खोटं पाडून काय मिळवायचं?"

"आणि हंडा?"

तुम्ही म्हणालात, "ते तिचं वाकडं. ते सरळ करायचं काम मी घेतलेलं नाही."

आई, मला ते तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटत नाही. तुमच्या जागी मी असते तर भांडले असते, आणि कधीकधी भांडायलाच हवं असंही मला वाटतं. पण त्या दिवशी भांडून ते काम तुमच्या हाती राहिलं असतं का, तर नाही. पुढच्याच आठवड्यात वर्कशॉपवाल्याचा फोन आला. वरच्या मजल्यावरच्यांना ट्रॉल्या हव्या होत्या, आणि काकूंनी बजावलं होतं की त्या बाई स्वतः येणार असतील तरच. आवाज पडला होता त्याचा. तुम्ही फोन ठेवलात, आत गेलात आणि कोट धुवायला टाकलात. मग ती इमारत झाली, शेजारची झाली, आणि "ट्रॉलीवाल्या बाई" असं तुमचं नाव पडलं. मी इतके मॅनेजर पाहिले, इतकी प्रेझेंटेशनं ऐकली, पण काम आपल्या हाताखाली असताना इतकं शांत राहिलेलं माणूस मला दुसरं भेटलं नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बरं, आता गॅस बंद कर, दूध उतू जातंय.

हे पत्र कुठे जायचं नाही, ठाऊक आहे मला. पण एक सांगायचं राहिलंय. तुमचा मोबाइल नंबर मी बंद केलेला नाही. तुमच्या मुलाला सांगते की बँकेच्या कामांना लागतो. खोटं आहे ते. दर वेळी रिचार्ज संपत आला की मीच भरते. तुमच्यासाठी कुणाचा तरी फोन येईल, कुणीतरी तुम्हाला विचारेल, एवढ्यासाठी. वर्षानुवर्षं 'कर्ज हवंय का' विचारणाऱ्यांशिवाय कुणाचाही आला नाही.

काल आला. त्या काकूंचा. आवाज पार थकलाय. त्यांची इमारत पाडून नवी बांधतायत. मुलगा म्हणतो भंगारात द्या, पण ट्रॉल्या अजून पहिल्यासारख्या चालतात, त्यांना त्या नव्या घरात न्यायच्या आहेत. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही म्हणाल्या. ट्रॉलीवाल्या बाई स्वतः येतील का, असं विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि तुम्ही नाही आहात हे मला सांगता आलं नाही. त्यांना विचारून सांगते, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

तर विचारतेय. काय सांगू त्यांना?